चार टेबलं, एक कोच आणि तीनशे डाव: पोकरचे व्हिडिओ नेमकं काय शिकवतात?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्याच सुमारास भारतातल्या मोठ्या पोकर साइटनी पैशांचे डाव बंद केले. टेबलं गेली. पण ती टेबलं कशी खेळायची हे शिकवणारे व्हिडिओ कुठेच गेले नाहीत. युट्युबवर इंग्रजीत आणि हिंदीत ते शेकड्याने पडून आहेत, आणि लोक ते अजूनही बघतायत. त्यात आपली इंजिनिअरिंगची मुलं भरपूर. स्क्रीनवर चार, सहा, कधी नऊ टेबलं उघडी, कोच शांत आवाजात बोलतोय, पत्ते येतायत-जातायत, आणि तासाच्या शेवटी वरच्या कोपऱ्यातला आकडा हिरवा.

या व्हिडिओतून खरंच काहीतरी शिकता येतं. पण जे शिकता येतं ते त्या हिरव्या आकड्यात नसतं. का, ते आज जरा गणिताने बघू. कायद्याचा वादही त्याच गणितापाशी येऊन थांबतो, हे मला हे लिहिताना जास्त रंजक वाटलं.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. 'मल्टी-टेबल'चे दोन अर्थ आहेत. एक, मोठी स्पर्धा, जिच्यात शेकडो लोक बऱ्याच टेबलांवर बसतात आणि बाद होत होत शेवटी एक टेबल उरतं. दुसरा, एकाच माणसाने एकाच वेळी अनेक टेबलांवर खेळणं. इथे मी दुसऱ्याबद्दल बोलतोय. खेळ म्हणजे टेक्सास होल्डेम, सहा जणांचं टेबल, रोख डाव.

हे व्हिडिओ आले कुठून?

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकले. (हो, त्याचं आडनाव खरंच मनीमेकर आहे.) त्यानंतर ऑनलाइन पोकरला पूर आला. २००५ मध्ये टेलर केबी आणि अँड्र्यू विगिन्स या दोन कॉलेजच्या पोरांनी कार्डरनर्स नावाची साइट काढली. कल्पना साधी होती: चांगला खेळाडू खेळताना त्याची स्क्रीन रेकॉर्ड करायची, तो जे मनात बोलतो ते मोठ्याने बोलायला लावायचं, आणि महिन्याच्या वर्गणीवर ते दाखवायचं. आज आपण लाइव्ह कोडिंगचे व्हिडिओ बघतो, अगदी तोच प्रकार. पुढे २०१२ मध्ये फिल गॅल्फंडने रन इट वन्स काढली आणि दर्जा बराच वर गेला.

मग एकाच वेळी चार टेबलं का? पहिलं कारण अगदी व्यावहारिक आहे. सहा जणांच्या टेबलावर चांगला खेळाडू चारातले तीन डाव सुरुवातीलाच सोडून देतो. एका टेबलाचा तासभराचा व्हिडिओ म्हणजे 'फोल्ड, फोल्ड, फोल्ड' ऐकत बसणं. चार टेबलं असली की दर मिनिटाला काहीतरी घडतं.

दुसरं कारण पैशाचं. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साधारण ७५ डाव होतात, चार टेबलांवर ३००. चांगल्या खेळाडूचा नफा 'दर शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड' असा मोजतात. बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होण्याआधी सक्तीने टाकायच्या दोन रकमांपैकी मोठी. ₹५/₹१० च्या टेबलावर ती ₹१०.

समजा एका टेबलावर पूर्ण लक्ष देऊन कोणी शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावतो. तासाला झाले ₹३७.५०. चार टेबलांवर लक्ष विभागलं आणि नफा ४ वर आला, तरी ३०० डावांत १२ बिग ब्लाइंड, म्हणजे ₹१२०. आता आठ टेबलं उघडली आणि नफा २ वर घसरला. ६०० डाव, पुन्हा १२ बिग ब्लाइंड, पुन्हा ₹१२०. टेबलं दुप्पट, कमाई तितकीच, आणि साइटला जाणारं कमिशन मात्र दुप्पट. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, पण या वक्राचा आकार असाच असतो. सर्व्हरवर लोड वाढवत नेला की थ्रूपुट आधी वाढतो, मग सपाट होतो आणि मग रिस्पॉन्स टाइमची वाट लागते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या कमिशनला 'रेक' म्हणतात, आणि व्हिडिओत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. समजा पॉटच्या ५ टक्के रेक आहे. शंभर डावांत तुम्ही सरासरी ₹१०० चे पंधरा पॉट जिंकलात तर ₹७५ साइटने नेले. म्हणजे साडेसात बिग ब्लाइंड. समोरच्या पाच जणांपेक्षा तुम्ही ५ बिग ब्लाइंडने सरस असलात तरी हिशोबात अडीचने तोट्यात! टेबलावरचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू दर महिन्याला पैसे घालवतोय आणि त्याला वाटतंय आपलं नशीब खराब आहे, हे सहज शक्य आहे.

हिरव्या आकड्याची किंमत

आता मुख्य गणित. होल्डेममध्ये नफ्याइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे चढउतार, अर्थात स्टँडर्ड डेव्हिएशन. सहा जणांच्या टेबलावर तो शंभर डावांमागे साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतो. आपण ९० धरू. नफा ५, चढउतार ९०. हे प्रमाण डोक्यात ठेवा.

कोचचा तासाभराचा व्हिडिओ म्हणजे ३०० डाव. अपेक्षित कमाई ५ गुणिले ३, म्हणजे १५ बिग ब्लाइंड. चढउतार ९० गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १५६. एम-थ्रीमधलं नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आठवत असेल तर तासाच्या शेवटी हा माणूस नफ्यात असण्याची शक्यता काढा. उत्तर येतं साधारण ५४ टक्के.

चोपन्न. उत्तम, सिद्ध, रेक भरूनही जिंकणारा खेळाडू तासाभराच्या व्हिडिओत १०० पैकी ४६ वेळा तोट्यात दिसेल. आणि तितकाच वाईट खेळाडू, जो शंभर डावांमागे ५ घालवतो, तो १०० पैकी ४६ वेळा नफ्यात दिसेल! आता त्याने दहा सत्रं रेकॉर्ड केली आणि त्यातली चार हिरवी तेवढी अपलोड केली, तर बघणाऱ्याला दोघांतला फरक कळायला काहीही मार्ग नाही.

डाव वाढवले तर? १०,००० डावांनंतर आपला चांगला खेळाडू नफ्यात असण्याची शक्यता ७१ टक्के. एक लाख डावांनंतर ९६ टक्के. म्हणजे कौशल्य आहे, नक्कीच आहे, पण ते उजेडात यायला लाखभर डाव लागतात.

हे नुसतं कागदी गणित नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा क्लॉडिको हा पोकर प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंशी ८०,००० डाव खेळला आणि ७,३२,७१३ चिप्सनी हरला. तरी संशोधक म्हणाले, संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही बरोबरी आहे! खेळाडू यावर चिडले, आणि मला ते चिडणं पटतं. पण मुद्दा लक्षात घ्या: ८०,००० डावांनंतरसुद्धा निकालावर वाद घालता येत होता. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाच्या लिब्रेटसने १,२०,००० डाव खेळून १७,६६,२५० चिप्सनी मात केली, तेव्हा कुठे वाद मिटला. आणि २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर जिंकलेल्या प्लुरिबसचे एका माणसांच्या संघाशी झालेले डाव होते फक्त १०,०००. ते पुरले, कारण संशोधकांनी नशिबाचा भाग गणिताने वजा करणारी एक वेगळी पद्धत वापरली होती. युट्युबवरच्या कोचकडे ती नसते.

म्हणून चार टेबलांच्या व्हिडिओत निकाल बघूच नका. तो आकडा दिसू नये म्हणून कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली तरी चालेल. बघायचं ते कोचचं कारण.

कौशल्य की नशीब? आधी सांगा, किती डाव?

आता कायद्याकडे येऊ. भारतात जुगाराच्या कायद्यांचा वाद कित्येक दशकं एका प्रश्नाभोवती फिरला: खेळात कौशल्य जास्त की नशीब? १९५७ च्या चमारबागवाला खटल्यांतून हा निकष रुळला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पोकरवर उच्च न्यायालयांचं एकमत झालं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. कंपन्या मात्र 'गेम ऑफ स्किल' ही पाटी लावून धंदा करत राहिल्या.

वरचं गणित पाहिलंत तर या प्रश्नातली गोम कळेल. शुक्रवारी रात्री मोबाइलवर दीडशे डाव खेळणाऱ्यासाठी पोकर जवळपास नशीबच आहे. वर्षाला पाच लाख डाव खेळणाऱ्यासाठी ते जवळपास निव्वळ कौशल्य आहे. खेळ तोच, पत्ते तेच. 'कौशल्य की नशीब' याचं उत्तर खेळात नाही, डावांच्या संख्येत आहे. कंपन्या कोर्टात लाख डावांचा खेळाडू दाखवत होत्या आणि कमावत होत्या दीडशे डाववाल्यांकडून.

२०२५ च्या कायद्याने हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने ऑनलाइन खेळायचा खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, तो बंद. सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि २०,००० कोटींहून जास्त रक्कम बुडते, हा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून स्वतःकडे घेतल्या.

माझं मत विचाराल तर सरसकट बंदी मला थोडी आळशी वाटते. जमा करायच्या रकमेवर मर्यादा, एका वेळी किती टेबलं उघडता येतील यावर मर्यादा, प्रत्येक खेळाडूला त्याचा आजवरचा एकूण हिशोब ठळक दाखवण्याची सक्ती, असं बरंच करता आलं असतं. पण दीडशे डाववाला माणूस रोज हरत होता, हे खोटं नाही.

रेफरल कोडचा प्रश्न

आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने मध्यंतरी चहाच्या टपरीवर मला एक टेलिग्राम मेसेज दाखवला. "दादा, हा कोच फ्री शिकवतो. फक्त त्याच्या लिंकवरून क्लब जॉइन करायचा. पन्नास हजार टाकले तर पर्सनल कोचिंग."

हे क्लब अ‍ॅप प्रकरण नीट समजून घ्या. अ‍ॅपमध्ये दिसतात त्या नुसत्या खेळण्यातल्या चिप्स. पैशांचा व्यवहार अ‍ॅपच्या बाहेर, एका एजंटशी. तुम्ही त्याला यूपीआयने पैसे पाठवता, तो चिप्स देतो. जिंकलात तर तो पैसे परत करतो, म्हणजे करायला हवेत. ते पैसे बहुतेक वेळा कुठल्यातरी तिसऱ्याच अनोळखी खात्यातून येतात. ते खातं एखाद्या सायबर फसवणुकीच्या तक्रारीत सापडलं, तर तुमच्या खात्यातली रक्कम, कधी पूर्ण खातंच, बँक गोठवू शकते. पगाराचं खातं गोठलं की घराचा हप्ता अडतो. आणि मग पोलिसांना काय सांगणार, पोकरमध्ये जिंकले?

शिवाय समोरचे पाच जण खरंच पाच जण आहेत का? एक माणूस तीन खाती चालवत असेल किंवा बॉट बसवला असेल, तर तपासणारं कोण आहे? मोठ्या परवानाधारक साइटवर निदान डावांच्या नोंदी तपासणारी टीम असते.

इतिहासही बघा. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी न्याय विभागाने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर यांची डोमेन जप्त केली. पोकरच्या दुनियेत या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. फुल टिल्टवर अडकलेले पैसे अमेरिकी खेळाडूंना मिळायला २०१४ उजाडलं. ती तर नामांकित कंपनी होती. टेलिग्रामवरच्या एजंटचं डोमेनसुद्धा नाही.

कोचचा फायदा कुठे आहे तेही उघड आहे. त्याच्या लिंकवरून आलेल्या खेळाडूच्या रेकमधला हिस्सा एजंटकडून त्याला मिळतो. म्हणजे तुम्ही जिंका किंवा हरा, तुम्ही जास्त टेबलांवर जास्त डाव खेळावेत यातच त्याचं हित. 'अजून दोन टेबलं उघड, व्हॉल्यूम हवा' हा सल्ला ऐकताना हे लक्षात असू द्या. आणि नव्या कायद्यातली जाहिरातीची व्याख्या प्रत्यक्षच नव्हे, अप्रत्यक्ष प्रोत्साहनालाही लागू होते. मी वकील नाही, पण व्हिडिओखाली रेफरल कोड टाकणाऱ्याने ते कलम एकदा वाचावं.

ज्युनिअरला मी विचारलं, तू आत्तापर्यंत किती डाव खेळलायस? म्हणाला, दोनेक हजार, खोट्या चिप्सवर, आणि प्लसमध्ये आहे. दोन हजार डावांत चढउतार येतो चारशे बिग ब्लाइंडचा. त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून ते स्वतः पडताळलं आणि थोडा वेळ गप्प झाला.

'मग गोव्याला जाऊन खेळीन,' असंही बरेच जण म्हणतात. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर चालतो, गोव्याच्या स्वतःच्या कायद्याखाली. पण चार टेबलांच्या व्हिडिओतलं शिक्षण तिथे जसंच्या तसं लागू पडत नाही. खऱ्या टेबलावर तासाला जेमतेम ३० डाव होतात. लाख डावांना ३,३३३ तास, रोज आठ तास बसलात तरी ४१७ दिवस. चार टेबलांवर तेच ३३३ तासांत व्हायचं. त्यात प्रवास, हॉटेल, आणि टेबलावर तुमच्याकडे टक लावून बघणारे आठ जण.

मग हे व्हिडिओ बघायचे कसे?

पैसे न लावता, एवढं आधी. खोट्या चिप्सचे डाव आणि वर्गणीवर चालणारी सरावाची सॉफ्टवेअर वेगळी, त्यात जिंकलेल्या चिप्सचे पैसे होत नाहीत. आणि सुरुवात चार टेबलांपासून करू नका. एकच डाव थांबत थांबत उलगडणारे व्हिडिओ आधी बघा. ३०० डाव तासाला म्हणजे दर १२ सेकंदांना एक डाव. कोच त्यातला एखादा निवडून बोलतो, बाकीचे हात आपोआप चालतात. आपल्याला शिकायला हवं ते बहुतेक त्या आपोआप चाललेल्या हातांत असतं, आणि त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. एखादा सीनिअर टर्मिनलवर झरझर टाइप करतो तेव्हा मागे उभं राहून आपल्याला काही कळत नाही, तसंच.

कोचचा निर्णय येण्याआधी व्हिडिओ थांबवा आणि आपला निर्णय कारणासकट लिहा. समजा पॉटमध्ये १०० आहेत, समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० घातले की पॉट २००, म्हणजे तुम्हाला किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. तुमच्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन बदाम, एकच पत्ता यायचा बाकी. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे जेमतेम २० टक्के. हिशोबाने सोडायला हवं. तरी कोच कॉल करतो. का? बदाम आलाच तर शेवटी समोरच्याकडून अजून पैसे निघतील म्हणून. पण समोरचा तसा देणारा आहे हे त्याला कशावरून कळलं? हा प्रश्न लिहून ठेवा. चांगला कोच पुढच्या मिनिटात उत्तर देतो: याच्याकडे कुठले कुठले पत्ते असू शकतात, त्यातले कुठले हात पैसे देतील, आणि काय वेगळं असतं तर मी सोडलं असतं. 'मला वाटलं तो ब्लफ करतोय' एवढंच ऐकू आलं, तर पुढचा व्हिडिओ लावा.

व्हिडिओची तारीखही बघा. २०१५ च्या सुमारास पायोसॉल्व्हर आलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर संतुलित खेळाची गणितं सोडवता येऊ लागली. त्याआधीच्या व्हिडिओंमधले बरेचसे डावपेच त्या काळच्या ढिसाळ प्रतिस्पर्ध्यांवर बेतलेले आहेत. पॉट ऑड्सचं गणित जुनं होत नाही, 'नदीवर मोठा बेट आला की सोडून द्या' असले ठोकताळे होतात.

एमआयटीने पोकरच्या सिद्धांतावरचा एक छोटा कोर्स ओपनकोर्सवेअरवर फुकट ठेवलाय, कुठलाही रेफरल कोड न लावता. माझ्या ज्युनिअरला मी तोच पाठवला. त्याने पहिलं लेक्चर दीडपट वेगाने बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की स्टँडर्ड डेव्हिएशन डावांच्या संख्येच्या वर्गमुळानेच का वाढतं.